जैवमाहितीशास्त्राच्या पदवीनंतर: काम कोठे आहे आणि ते नेमके काय असते

रक्तातील हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरांच्या जागी ‘जीटीजी’ आले, की प्रथिनाच्या साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. ज्याला हा बदल आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळाला, त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत सिकलसेल या नावाने परिचित असलेला हा आजार मुळात माणसाच्या डीएनएतील सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी एका अक्षराचा फरक आहे. सिकलसेलचे निदान साध्या रक्तचाचणीनेही होते. परंतु ज्या हजारो दुर्मीळ आजारांसाठी अशी सोपी चाचणीच नाही, तेथे ते एक अक्षर शोधावे लागते, ते खरोखर बदलले आहे की यंत्राने वाचताना चूक केली आहे हे ठरवावे लागते, आणि त्या बदलाचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना समजेल अशा शब्दांत लिहून द्यावा लागतो. संगणक, संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या आधाराने हे काम करणारी विद्याशाखा म्हणजे जैवमाहितीशास्त्र, अर्थात बायोइन्फर्मेटिक्स.

या विषयाची पदवी घेतलेली मुले-मुली आणि त्यांचे पालक एकच प्रश्न विचारतात: नोकरी कोठे मिळते? प्रश्न रास्त आहे, कारण बँकेत, शाळेत किंवा औषधांच्या कारखान्यात काय काम असते हे सर्वांना ठाऊक असते, तसे या विषयाचे नाही. गेली काही वर्षे जनुकीय माहितीच्या विश्लेषणाचे काम करताना आणि उमेदवारांच्या मुलाखती घेताना माझे मत असे झाले आहे की या क्षेत्रात कामाची कमतरता नाही. मात्र ते काम पदवीच्या नावाने मिळत नाही. ते मिळते एखादा जैविक प्रश्न हाती घेऊन माहितीच्या ढिगातून त्याचे विश्वासार्ह उत्तर काढण्याच्या तयारीला. म्हणून नोकऱ्यांची नुसती नावे सांगण्याऐवजी, त्या-त्या ठिकाणी बसलेला माणूस दिवसभर काय करतो हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आधी कच्चा माल कसा असतो ते पाहू. जनुकीय क्रम वाचणारे यंत्र माणसाचा डीएनए पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग वाचून देत नाही. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत ते सुमारे १५० अक्षरांचे असंख्य तुकडे वाचते. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी अशी अपेक्षा असेल, तर एका माणसासाठी जवळजवळ ६० कोटी तुकडे होतात. हे तुकडे ‘फास्टक्यू’ नावाच्या साध्या मजकुराच्या संचिकेत येतात आणि प्रत्येक तुकड्याला चार ओळी असतात: पहिल्या ओळीत त्याची ओळख, दुसऱ्या ओळीत ए, टी, जी, सी ही अक्षरे, तिसऱ्या ओळीत अधिकचे चिन्ह, आणि चौथ्या ओळीत प्रत्येक अक्षर किती खात्रीने वाचले आहे याची सांकेतिक नोंद. खात्रीचा हा अंक २० असेल तर शंभरात एक अक्षर चुकण्याची शक्यता असते, आणि ३० असेल तर हजारात एक. नवखे विद्यार्थी दुसऱ्या ओळीकडे पाहतात. अनुभवी माणूस आधी चौथी ओळ पाहतो. चौथी ओळच खराब असेल, तर पुढचा सगळा डोलारा वाळूवर उभा राहतो.

या विषयाचे पूर्वज संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. अमेरिकेतील मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये तोवर ज्ञात असलेल्या प्रथिनांचे क्रम एकत्र करून त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि अमिनो आम्लांसाठी आपण आज वापरतो ती एकाक्षरी लिपीही त्यांचीच. मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला आलेख आजही प्रथिनाची कोणतीही नवी रचना तपासताना वापरला जातो. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, बायोइन्फर्मेटिक्स केंद्र सुरू झाले. तेव्हा हा शब्द आपल्याकडे फारसा कोणाला माहीतही नव्हता. याच विद्यापीठातील कोळस्कर आणि टोंगावकर यांनी १९९० मध्ये, प्रथिनाचा कोणता तुकडा शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करील याचा अंदाज बांधण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती त्या दोघांच्या नावाने जगभर ओळखली जाते, आणि लसीसाठी योग्य तुकडा निवडू पाहणारे संशोधक अजूनही ती वापरतात. मराठी विद्यार्थ्याने हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

निदान: सर्वांत अधिक माणसे लागणारे काम

मानवी जीनोम, म्हणजे माणसाच्या डीएनएचा संपूर्ण क्रम, वाचण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० ते २००३ अशी १३ वर्षे चालला आणि त्यावर अब्जावधी डॉलर खर्च झाले. आज एका माणसाचा जीनोम काही दिवसांत आणि १००० डॉलरपेक्षा कमी खर्चात वाचता येतो. वाचणे स्वस्त झाले; अर्थ लावणे मात्र तेवढे स्वस्त झाले नाही, आणि रोजगार निर्माण झाला तो या दोहोंमधील अंतरातून. बंगळूरूमधील मेडजीनोम आणि स्ट्रँड लाइफ सायन्सेस, मुंबईतील हेस्टॅक ॲनालिटिक्स, नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स अशा कंपन्या, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था, आणि मोठ्या शहरांतील अनेक रोगनिदान प्रयोगशाळा यांना हे काम करणारी माणसे लागतात.

हे काम कसे चालते? तुकडे एका संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या क्रमावर, बसविले जातात, जशी फाटलेल्या पोथीची पाने दुसऱ्या प्रतीशी ताडून लावावीत तशी. त्यानंतर रुग्णाचा क्रम संदर्भापासून कोठे वेगळा आहे याची यादी तयार होते. कोणत्याही निरोगी माणसातही असे ४० ते ५० लाख फरक निघतात. केवळ प्रथिने घडविणारा भाग वाचला, जो संपूर्ण जीनोमच्या एक-दोन टक्केच असतो, तरी २० ते २५ हजार फरक हाती लागतात. त्यांतून आजाराला कारणीभूत असलेला एक किंवा दोन शोधायचे असतात. फरक लोकसंख्येत किती सर्रास आढळतो, त्यामुळे प्रथिन अर्धवट तुटते का, आई-वडिलांत तो आहे का, पूर्वी कोणी त्याची नोंद केली आहे का, अशा पुराव्यांच्या चाळण्या एकामागून एक लावाव्या लागतात. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या निकषांप्रमाणे प्रत्येक फरक पाच वर्गांपैकी एकात टाकला जातो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी.

या पाचांतील मधला वर्ग सर्वांत अवघड आहे आणि भारतीय पदवीधराची खरी गरज तेथेच आहे. जगातील जनुकीय माहितीचे बहुतेक मोठे संग्रह युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे राहिले. एखादा फरक त्या संग्रहांत अत्यंत दुर्मीळ दिसतो, म्हणून तो संशयास्पद ठरतो. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या एखाद्या समाजात शंभरातल्या पाच निरोगी माणसांत असू शकतो, आणि तसे असेल तर लहानपणीच गंभीर आजार आणणारा तो नव्हे हे उघड होते. हे कळण्यासाठी आपल्या लोकांची माहिती हवी. दिल्लीतील सीएसआयआरच्या जीनोमिकी संस्थेने ‘इंडिजेन’ प्रकल्पात हजाराहून थोड्या अधिक भारतीयांचे जीनोम वाचले. त्यानंतर २० संस्थांनी मिळून केलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १०,००० जीनोम वाचले गेले, आणि ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली करण्यात आली. त्यात ८३ लोकसमूहांचा समावेश आहे. ही माहिती वाचून तिचा उपयोग रुग्णाच्या अहवालापर्यंत पोहोचवणारी माणसे पुढची अनेक वर्षे लागणार आहेत, याविषयी मला शंका नाही.

या कामात कशी चूक होते याचे माझेच उदाहरण सांगतो. सुरुवातीच्या काळात मला सरावासाठी एक नमुना मिळाला होता. त्यात सिकलसेलचा बदल असल्याचे रक्तचाचणीवरून आधीच माहीत होते, तरीही माझ्या यादीत तो दिसेना. मी अकराव्या गुणसूत्रावर ५२,२७,००२ या जागी शोधत होतो. दोन दिवस आज्ञावलीत दोष शोधण्यात गेले. अखेर लक्षात आले की यादी संदर्भ जीनोमच्या जुन्या, म्हणजे ३७ क्रमांकाच्या आवृत्तीवर बनविलेली होती, आणि त्या आवृत्तीत हीच जागा ५२,४८,२३२ अशी मोजली जाते. तेथे गेल्यावरही ‘ए’चा ‘टी’ झालेला दिसला नाही. ‘टी’चा ‘ए’ झालेला दिसला, कारण हे जनुक डीएनएच्या उलट दिशेच्या धाग्यावर आहे आणि संचिकेत नोंद मात्र सुलट धाग्याची असते. खऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही चूक झाली असती, तर ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल गेला असता. तेव्हापासून मुलाखतीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमचे विश्लेषण संदर्भ जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवर होते? उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले कितीतरी उमेदवार येथे थांबतात, कारण त्यांनी कळ दाबून निकाल मिळविलेला असतो. तो निकाल कशाच्या आधारावर उभा आहे हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

साथरोगांवर नजर

कोविडच्या साथीने हे काम सामान्य वाचकापर्यंत पोहोचविले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘इन्साकॉग’ नावाने प्रयोगशाळांचे जाळे उभे केले, आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यातील एक प्रमुख घटक होती. महाराष्ट्रातील नमुन्यांत आढळलेल्या विषाणूच्या एका वंशातूनच पुढे ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ मध्ये ‘डेल्टा’ असे नाव दिले, तो प्रकार ओळखला गेला. कोविडच्या विषाणूचा जीनोम केवळ ३०,००० अक्षरांच्या आसपास असतो, त्यामुळे माणसाच्या मानाने त्याचे विश्लेषण हलके असते. अवघड असतो तो वेग. नमुना आज आला तर उत्तर या आठवड्यात हवे, कारण पुढच्या महिन्यातील उत्तराचा साथ रोखण्यासाठी उपयोग नसतो. पुण्यात सांडपाण्यातील विषाणूंच्या अंशांवरून साथीचा कल ओळखण्याचे कामही झाले. क्षयरोगाच्या जंतूचा जीनोम वाचून तो कोणत्या औषधांना दाद देणार नाही हे ठरविणे, रुग्णालयांत पसरणाऱ्या प्रतिजैविक-प्रतिरोधी जंतूंचा माग काढणे, ही याच कुळातील कामे आहेत. ज्यांना सूक्ष्मजीवशास्त्राची आवड आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य पाहावा.

औषधनिर्मिती आणि एक स्पष्ट सूचना

प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रयोगाने शोधण्यास कधी महिने, तर कधी वर्षे लागतात. अशा रचनांची जागतिक पेढी १९७१ मध्ये केवळ ७ रचनांनी सुरू झाली आणि आज तीत २ लाखांहून अधिक रचना आहेत. त्यानंतर ‘अल्फाफोल्ड’ आले. केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या या प्रणालीने २०२० मध्ये आपली क्षमता दाखवून दिली, आणि जुलै २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हॅसाबिस आणि जॉन जम्पर यांना या कामासाठी, तर डेव्हिड बेकर यांना संगणकाच्या साहाय्याने नवी प्रथिने घडविण्यासाठी मिळाले.

याचा आपल्या विद्यार्थ्यांशी थेट संबंध आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे एकच साचा चालत आला: एक प्रथिन घ्यायचे, त्याची रचना तयार करायची, वनस्पतीतील २०-२५ संयुगे त्यावर संगणकातच बसवून पाहायची, आणि सर्वांत चांगला गुणांक मिळालेले संयुग ‘संभाव्य औषध’ म्हणून जाहीर करायचे. यालाच डॉकिंग म्हणतात. पद्धत वाईट नाही. परंतु केवळ एवढेच केलेल्या प्रकल्पाला आता औषधकंपन्या फारसे महत्त्व देत नाहीत, कारण रचना मिळविण्याचे काम सोपे झाले आहे आणि गुणांक चांगला आला म्हणजे संयुग शरीरात काम करील असे होत नाही. डॉकिंग करायचेच असेल, तर ज्या संयुगांचा परिणाम प्रयोगाने आधीच सिद्ध झालेला आहे आणि ज्यांचा परिणाम होत नाही हेही सिद्ध झालेले आहे, अशी दोन्ही प्रकारची संयुगे घ्यावीत आणि आपली पद्धत त्यांना वेगळे ओळखते का हे दाखवावे. हा एक बदल केला तरी प्रकल्पाचे वजन बदलते.

औषधकंपन्यांत आणि त्यांच्यासाठी संशोधन करणाऱ्या बंगळूरू-हैदराबादच्या संस्थांत आज मागणी आहे ती पेशींमधील जनुके कधी आणि किती सक्रिय असतात याच्या विश्लेषणाला, विशेषतः एकेका पेशीचे स्वतंत्र वाचन करणाऱ्या तंत्राला. कर्करोगाच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि औषधाला त्या सारख्याच प्रतिसाद देत नाहीत. कोणत्या पेशी वाचल्या आणि का, हे या विश्लेषणातून कळते. त्यासाठी आर ही संगणकभाषा, पायथॉन आणि संख्याशास्त्राची खरी समज लागते.

शेती, जिच्याकडे दुर्लक्ष होते

तुरीचा जीनोम २०११ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही कामांत हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेचा मोठा वाटा होता. ही दोन्ही पिके विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यातली आहेत. मर रोगाला तोंड देणारे किंवा पाण्याचा ताण सोसणारे वाण तयार करताना, हजारो रोपांतून योग्य रोपे त्यांच्या डीएनएतील खुणांवरून रोपावस्थेतच निवडता आली, तर वाण तयार होण्याचा काळ घटतो. या खुणा शोधणे आणि पिकाच्या गुणाशी त्यांचा संबंध सिद्ध करणे हे जैवमाहितीशास्त्राचे काम आहे. मे २०२५ मध्ये भारताने जनुकसंपादन केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. अशा संपादनात डीएनए कापणारी कात्री नेमकी कोठे चालवायची आणि ती चुकून दुसरीकडे चालणार नाही ना, हे आधी संगणकावर तपासले जाते. जालन्यातील बियाणे कंपन्या, सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र, मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र, राजगुरुनगरची कांदा-लसूण संशोधन संस्था, बारामतीची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ही ठिकाणे पुण्या-मुंबईच्या चकचकीत कार्यालयांइतकी डोळ्यांत भरत नाहीत. कृषी पदवीधराने जैवमाहितीशास्त्र शिकले, किंवा जैवमाहितीशास्त्राच्या पदवीधराने एक हंगाम शेतात जाऊन पैदासकाराचे काम पाहिले, तर अशा ठिकाणी त्याला स्पर्धक कमी आहेत.

इतर वाटा आणि संशोधनातील वास्तव

संशोधनलेख वाचून त्यातील माहिती ठरावीक चौकटीत नोंदविणे, ज्याला क्युरेशन म्हणतात, ही पदवीनंतर लगेच मिळू शकणारी नोकरी आहे. काम चिकाटीचे आहे आणि इंग्रजी वाचन पक्के लागते. दोन वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिल्यास मात्र संगणकाचा हात सुटतो, असे मी पाहिले आहे. औषधांच्या चाचण्यांतील माहितीची हाताळणी आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणे ही शेजारची क्षेत्रे आहेत. पुणे-मुंबईत त्यांत नोकऱ्या भरपूर आहेत, आणि घरची आर्थिक गरज तातडीची असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही.

संगणकाकडे अधिक कल असणाऱ्यांसाठी आणखी एक दालन आहे. विश्लेषणाचे अनेक टप्पे एकामागून एक आपोआप, न चुकता आणि प्रत्येक वेळी सारखेच चालावेत अशी व्यवस्था बांधणारा अभियंता प्रत्येक जीनोमिक्स संस्थेला हवा असतो. नेक्स्टफ्लो आणि स्नेकमेक ही त्याची अवजारे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये महासंगणकावर जैविक माहिती हाताळणारा गट पूर्वीपासून आहे, आणि माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्यांच्या जीवविज्ञान विभागांनाही असे लोक लागतात. वेतनाच्या दृष्टीने हा मार्ग साधारणतः सर्वांत बरा आहे.

संशोधनात जायचे असेल तर पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आयसर, आघारकर संशोधन संस्था अशी नामवंत ठिकाणे आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांतील जागांच्या जाहिराती येत असतात. नेट किंवा गेटसारखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दार मोठे उघडते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली, घरभाडे भत्ता वेगळा. मात्र प्रकल्पातील जागा प्रकल्पाबरोबर संपते, हे पालकांनीही आधीच समजून घ्यावे. एका प्रकल्पातून दुसऱ्यात जात पाच-सहा वर्षे निघून गेलेली आणि पीएच.डी.ला नोंदणीच न केलेली हुशार माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटते. प्रकल्पातील नोकरी शिकण्यासाठी एक-दोन वर्षे करावी, त्यानंतर पीएच.डी. किंवा उद्योग यांपैकी एक निश्चित करावे. औषध संशोधनातील वरच्या जागांसाठी पीएच.डी. बहुधा लागतेच, तर निदान प्रयोगशाळा आणि आज्ञावली बांधण्याच्या कामात चांगला पदव्युत्तर पदवीधर पुरेसा असतो. केवळ बी.एस्सी.वर मिळणाऱ्या संधी थोड्या आहेत. त्या टप्प्यावर थांबण्यापेक्षा एम.एस्सी. करावे, हेच मी सुचवीन.

तयारी कशी करावी

लिनक्सवर आज्ञा लिहून काम करता येणे ही पहिली पायरी आहे, कारण शंभर जीबीच्या आसपासची संचिका दुहेरी टिचकी मारून उघडत नाही. त्यानंतर पायथॉन किंवा आर यांपैकी एक भाषा नीट, दोन्ही अर्धवट नव्हे. आणि संख्याशास्त्र, ज्याला जीवशास्त्राचे विद्यार्थी घाबरतात. २०,००० जनुकांची एकाच वेळी तुलना केली आणि प्रत्येकासाठी शंभरात पाच चुकांची मुभा ठेवली, तर काहीच फरक नसतानाही १,००० जनुके ‘महत्त्वाची’ निघतात. हे ज्याला कळले नाही, तो सुंदर आलेख काढून चुकीचे उत्तर देतो.

एक्सेलच्या मोहाबद्दलही सांगायला हवे. जनुकांची नावे इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची असतात. ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी नावे एक्सेलमध्ये टाकली, की ते त्यांना तारखा समजून २ सप्टेंबर, १ मार्च असे बदलून टाकते. ही चूक एवढ्या प्रसिद्ध लेखांत सापडली की शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने नावेच बदलून ‘सेप्टिन २’, ‘मार्चएफ १’ अशी केली. म्हणून हाती आलेली यादी वाचण्याआधी तीत तारखा घुसल्या आहेत का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

शिकण्यासाठी मोठे शुल्क भरण्याची गरज नाही. गॅलेक्सी या व्यासपीठावर स्वतःचा महागडा संगणक नसतानाही खऱ्या माहितीचे विश्लेषण करता येते, रोझालिंड या संकेतस्थळावर सोप्यापासून कठीणापर्यंत उदाहरणे सोडविता येतात, आणि एनपीटीईएलवर आपल्याच आयआयटींतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. दोन आठवड्यांच्या सशुल्क ‘इंटर्नशिप’ची चार-चार प्रमाणपत्रे जोडलेले अर्ज मी पाहतो. त्या पैशांत मध्यमवर्गीय घराची ओढाताण झालेली असते आणि मुलाखतीत त्या प्रमाणपत्रांविषयी कोणी विचारतही नाही.

संगणकाला मराठीत किंवा इंग्रजीत सांगितले की तो आज्ञावली लिहून देतो, मग आमचे काय, असेही विद्यार्थी विचारू लागले आहेत. आज्ञावली लिहिण्याचा वेळ खरोखरच वाचतो आणि तो वाचवावा. पण वर सांगितलेली जीनोमच्या आवृत्तीची चूक अशा आज्ञावलीतही तशीच राहते. ती अडखळत नाही, व्यवस्थित चालते आणि चुकीचे उत्तर नीटनेटक्या तक्त्यात मांडून देते. ते उत्तर संशयाने पाहण्यासाठी जीवशास्त्र लागते.

नोकरीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी एकच काम करा, पण पूर्ण करा. एखाद्या प्रसिद्ध संशोधनलेखातील खुली माहिती उतरवून घ्या, त्यातील एक आकृती स्वतः पुन्हा तयार करून पाहा, आणि आज्ञावली गिटहब या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल अशी ठेवा. सोबत दोन पानांचे टिपण लिहा: प्रश्न कोणता होता, माहिती कोठून घेतली, संदर्भ जीनोमची आवृत्ती कोणती, प्रत्येक साधनाचा आवृत्ती-क्रमांक काय, किती नमुने वगळले आणि का वगळले. तुमची आकृती मूळ लेखाशी तंतोतंत जुळली नाही, तर ती जुळविण्यासाठी आकडे ओढूनताणून बसवू नका. कोठे जुळली नाही आणि तुमच्या मते त्याचे कारण काय असावे, हे टिपणाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहा. मुलाखत घेणारा माणूस बहुतेक वेळा तोच परिच्छेद आधी वाचतो.